अभियांत्रिकी वर्कस्टेशन व संगणक-साहाय्यित अभिकल्प

अभियांत्रिकी वर्कस्टेशन : यंत्रभाग, विमाने, मोटारगाड्या, जहाजे, इलेक्ट्रॉनीय मंडले इत्यादींचा अभिकल्प (आराखडा) करण्यासाठी एका वेळी एकाच अभियंत्याने वापरावयाचा, बारकाईने चित्रे दाखविणारा पडदा असलेला व जालकाद्वारे इतर संगणकांशी जोडलेला संगणक. सामान्य वैयक्तिक संगणकापेक्षा याची गणनक्षमता व स्मृती जास्त असे आणि त्याची किंमतही कित्येक पटींनी अधिक असे. १९८० नंतरच्या सु. २५ वर्षांत जगातील अनेक महत्त्वाच्या अभियांत्रिकी उत्पादनांचे अभिकल्प अशा वर्कस्टेशनांवर तयार झाले. या उत्पादनांपैकी पुष्कळशी आजही वापरात आहेत. मात्र ती ज्या वर्कस्टेशनांवर रेखाटली गेली त्यांचे उत्पादन थांबले आहे आणि त्यांच्या काही निर्मात्या कंपन्याही उरलेल्या नाहीत. त्यामुळे संगणक-साहाय्यित अभिकल्पाचे (संक्षेपाने कॅडचे) जुने सॉफ्टवेअर जुन्या वर्कस्टेशनांवर चालू ठेवणे हा अभियांत्रिकीतील एक व्यावहारिक प्रश्न होऊन बसला आहे. प्रस्तुत नोंदीत या यंत्रांचा व सॉफ्टवेअरचा इतिहास आणि त्यातून निर्माण झालेल्या या प्रश्नाचे स्वरूप यांचे विवेचन केले आहे.

पूर्वेतिहास : संगणकापूर्वीच्या काळात अभिकल्पाची अधिकृत नोंद म्हणजे कागदावर, कापडावर वा प्लॅस्टिकच्या पारदर्शक पटलावर काढलेले आरेखन होय. ते वाचण्यासाठी आरेखनाचे संकेत माहीत असलेला माणूस व पुरेसा उजेड एवढेच लागत असे. अमेरिकेच्या बी-५२ या बाँबफेकी विमानाचे उत्पादन १९६२ मध्ये थांबले. परंतु ही विमाने अद्याप सेवेत आहेत आणि त्यांची मूळ आरेखने ज्या काळातील आहेत त्या काळातील कोणतेही यंत्र ती वाचण्यासाठी आवश्यक ठरत नाही.

संगणकाच्या पडद्यावर अभिकल्प करण्याचा पहिला ठळक प्रयोग मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत झाला. तेथील इव्हान सदरलंड यांनी १९६३ मध्ये आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली लिहिली. लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकाच्या ऋण किरण नलिकेवर प्रकाश-लेखणीने रेषा काढता येत आणि दोन रेषा समांतर असाव्यात, एकमेकींशी काटकोन कराव्यात वा समान लांबीच्या असाव्यात, असे निर्बंध घालता येत. निर्बंध बदलला की संगणक आकृती नव्याने जुळवून देई. आकृतीतील भागांचे परस्परसंबंध साठवून ठेवण्याची ही कल्पना पुढील सर्व विकासाच्या मुळाशी आहे. याच सुमारास जनरल मोटर्स व आयबीएम या कंपन्यांनी मिळून डीएसी-१ ही प्रणाली तयार केली व ती १९६४ मध्ये जाहीर झाली. फ्रान्समध्ये सीत्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्झो आणि रेनॉल्ट कंपनीतील प्येर बेझ्ये यांनी मोटारगाडीच्या वळणदार पत्र्याचे गणितीय वर्णन करण्याच्या पद्धती स्वतंत्रपणे शोधून काढल्या. आज कॅडमध्ये सर्रास वापरले जाणारे ‘बेझ्ये वक्र’ त्यांतूनच आले.

या काळात चित्रालेखी पडदे मोठ्या केंद्रीय संगणकांना जोडलेले असत. त्यांचा खर्च केवळ विमाने व मोटारगाड्या बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाच परवडे. त्यामुळे आरंभीचे बहुतेक कॅड सॉफ्टवेअर अशाच कंपन्यांत तयार झाले. अमेरिकेतील लॉकहीड या विमान कंपनीने विकसित केलेले ‘कॅडॅम’ हे आरेखनाचे सॉफ्टवेअर फ्रान्सच्या दासो या विमान कंपनीने १९७५ मध्ये विकत घेतले. त्याला पूरक म्हणून त्रिमितीय पृष्ठांसाठी दासोने १९७७ मध्ये स्वतःचे सॉफ्टवेअर लिहिण्यास सुरुवात केली. १९८१ मध्ये दासो सिस्टीम्स ही वेगळी कंपनी स्थापन झाली आणि हे सॉफ्टवेअर ‘कॅटिया’ या नावाने आयबीएमच्या मार्फत विकले जाऊ लागले.

साठवण नलिका व तयार संच : पडद्यावरील चित्र स्थिर दिसण्यासाठी ते सेकंदाला अनेक वेळा पुन्हा पुन्हा रेखाटावे लागते. १९७० च्या सुमारास स्मृती महाग असल्याने हे काम खर्चाचे होते. टेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९७२ च्या सुमारास बाजारात आणलेल्या ४०१० या जातीच्या अग्रांत ही अडचण वेगळ्या प्रकारे सोडविण्यात आली. त्यांच्या साठवण नलिकेत एकदा उमटलेली रेषा पडद्यावरील लेपातच टिकून राही, त्यामुळे वेगळी स्मृती लागत नसे. मात्र एखादी रेषा खोडावयाची झाल्यास संपूर्ण पडदा पुसून सर्व चित्र नव्याने काढावे लागे. असे अग्र, एक लघुसंगणक, आरेखक यंत्र व सॉफ्टवेअर एकत्र करून तयार संच विकणाऱ्या काँप्यूटरव्हिजन, ॲप्लिकॉन, काल्मा, इंटरग्राफ इ. कंपन्या या दशकात पुढे आल्या. अशा संचात यंत्र व सॉफ्टवेअर यांची फारकत करता येत नसे. गिऱ्हाईक दोन्ही एकाच विक्रेत्याकडून घेई आणि त्याचा अभिकल्पही त्या विक्रेत्याच्या संकेतस्वरूपातच साठविला जाई. या परावलंबनाची जाणीव लवकर झाली आणि निरनिराळ्या प्रणालींत आकृत्यांची देवाणघेवाण करता यावी म्हणून अमेरिकेत १९८० मध्ये ‘आयजीईएस’ हे प्रमाण स्वरूप प्रसिद्ध करण्यात आले.

वर्कस्टेशनांचा उदय : मोटोरोला कंपनीचा ६८००० हा सूक्ष्मप्रक्रियक १९७९ मध्ये उपलब्ध झाल्यावर एका टेबलावर मावणारा व तरीही लघुसंगणकाच्या तोडीचा संगणक बनविणे शक्य झाले. विल्यम पोडुस्का यांनी १९८० मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यात स्थापन केलेल्या अपोलो काँप्यूटर या कंपनीने १९८१ मध्ये डीएन १०० हे वर्कस्टेशन बाजारात आणले. त्याच्या पडद्यावर सु. ८ लाख चित्रबिंदू होते. कार्यालयातील सर्व अपोलो यंत्रे वलयाकार जालकाने जोडलेली असत आणि कोणत्याही यंत्रावरील फाइल स्वतःच्याच यंत्रावर असल्यासारखी उघडता येत असे.

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टीम्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत स्टॅनफर्ड विद्यापीठात वर्कस्टेशनाचा मूळ आराखडा करणारे आंद्रेआस बेख्टोल्सहाइम, स्कॉट मॅक्‌नीली, बिल जॉय व पुणे येथे जन्मलेले विनोद खोसला यांचा समावेश होता. या कंपनीने स्वतःची वेगळी परिचालन प्रणाली न लिहिता विद्यापीठांत रुळलेली युनिक्स प्रणाली स्वीकारली. स्टॅनफर्डमधील जिम क्लार्क यांनी स्थापन केलेल्या सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने १९८४ पासून ‘आयरिस’ वर्कस्टेशने विकण्यास प्रारंभ केला. त्रिमितीय आकृती फिरविणे, लहानमोठी करणे व पडद्यावर प्रक्षेपित करणे यांसाठी लागणारे आव्यूहांचे गुणाकार करणारी खास चकती त्यांत बसविलेली होती. त्यामुळे यंत्रभागाचे चित्र अभियंत्याच्या हाताबरोबर पडद्यावर फिरू लागले. ह्यूलेट-पॅकार्ड, आयबीएम व डिजिटल इक्विपमेंट या जुन्या कंपन्यांनीही या क्षेत्रात प्रवेश केला. १९८९ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने अपोलो कंपनी विकत घेतली.

१९८५ नंतर मोटोरोलाच्या प्रक्रियकांची जागा थोड्या व सोप्या आज्ञा अतिजलद पार पाडणाऱ्या नव्या प्रकारच्या प्रक्रियकांनी घेतली. सनने ‘स्पार्क’, सिलिकॉन ग्राफिक्सने ‘मिप्स’, ह्यूलेट-पॅकार्डने ‘पीए-रिस्क’, आयबीएमने ‘पॉवर’ व डिजिटलने ‘अल्फा’ असे वेगवेगळे प्रक्रियक वापरले. प्रत्येकाचा आज्ञासंच निराळा होता. सर्वांच्या परिचालन प्रणाली युनिक्सच्या कुळातील असल्या, तरी त्या परस्परांशी पूर्णपणे जुळणाऱ्या नव्हत्या. चित्रालेखनासाठीही प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र आज्ञासंग्रह होता. या क्षेत्रात ओपनजीएल हे सामाईक स्वरूप १९९२ मध्ये आले. संख्येतील बाइट कोणत्या क्रमाने साठवावयाचे याबाबतही दोन पंथ होते. स्पार्क, पीए-रिस्क व सिलिकॉन ग्राफिक्सच्या मिप्स यंत्रांत जास्त किंमतीचा बाइट आधी येई, तर डिजिटलच्या यंत्रांत व इंटेलच्या प्रक्रियकांत तो शेवटी येई. एका यंत्रावर लिहिलेली द्विमान फाइल दुसऱ्या यंत्राने जशीच्या तशी वाचली, तर सर्व संख्या चुकीच्या निघत.

सॉफ्टवेअरचे बदललेले स्वरूप : वर्कस्टेशनांच्या काळात कॅड सॉफ्टवेअरमध्ये मूलगामी बदल झाला. पूर्वीच्या प्रणाली कागदी आरेखनाचीच नक्कल करीत. आता घन वस्तूचे त्रिमितीय प्रतिमान साठविले जाऊ लागले. लेनिनग्राडहून अमेरिकेत आलेले गणितज्ञ सॅम्युएल गाइझबर्ग यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी या कंपनीच्या ‘प्रो-एंजिनियर’ या सॉफ्टवेअरने याही पुढचे पाऊल टाकले. त्यात यंत्रभाग हा रचनाक्रमाच्या स्वरूपात साठविला जाई. उदा., आधी अमुक लांबीचा ठोकळा, त्यात अमुक व्यासाचे छिद्र, मग कडेला अमुक त्रिज्येची गोलाई. एखादे माप बदलले की सॉफ्टवेअर हा क्रम पहिल्यापासून पुन्हा चालवून नवा आकार काढीत असे.

या पद्धतीचे फायदे मोठे होते. तथापि तिच्यामुळे अभिकल्पाच्या नोंदीचे स्वरूप पालटले. कागदी आरेखनात वस्तूचा आकार प्रत्यक्ष दिसतो. रचनाक्रमाच्या फाइलीत मात्र आकार कसा काढावा याच्या सूचना असतात आणि त्या सूचनांचा अर्थ लावणारी आज्ञावली चालू असेल तरच आकार अवतरतो. गोलाई दोन पृष्ठांना नेमकी कोठे स्पर्श करते, दोन बिंदू एकच मानण्यासाठी त्यांतील अंतर किती असावे, अशा शेकडो बारीक बाबी आज्ञावलीच्या अंतरंगात ठरलेल्या असतात. सॉफ्टवेअरच्या पुढील आवृत्तीत त्यांपैकी एखादी जरी बदलली, तरी जुन्या फाइलीतून थोडा वेगळा आकार निघू शकतो किंवा रचनाक्रम मध्येच अडतो. अशा रीतीने फाइल, आज्ञावली, परिचालन प्रणाली व यंत्र या चार गोष्टी एकमेकींत गुंतून गेल्या.

या पद्धतीवर अभियांत्रिकीने किती विश्वास टाकला याचे उत्तम उदाहरण म्हणजे बोइंग ७७७ हे विमान होय. १९९० मध्ये हाती घेतलेल्या या विमानाचा अभिकल्प संपूर्णपणे संगणकावर करण्यात आला. त्यासाठी कॅटिया सॉफ्टवेअर आठ केंद्रीय संगणकांवर चालविले जात असे व त्यांना सु. २,२०० वर्कस्टेशने जोडलेली होती. विमानाचे भाग एकमेकांत नीट बसतात की नाही हे पूर्वी पूर्णाकृती नमुना बांधून पाहत. येथे खात्रीसाठी प्रथम नाकाकडील भागाचा नमुना बांधण्यात आला. त्यात संगणकाचे निष्कर्ष बरोबर ठरल्याने पुढील नमुने बांधले गेले नाहीत. १२ जून १९९४ रोजी विमानाचे पहिले उड्डाण झाले. यानंतर संगणकातील प्रतिमान हीच अभिकल्पाची मूळ प्रत आणि कागदी आरेखन हा तिचा उतारा, असा व्यवहार मोठ्या उद्योगांत रूढ होत गेला.

वैयक्तिक संगणकाची स्पर्धा : वर्कस्टेशनांच्या भरभराटीच्या काळातच त्यांच्या अस्ताची बीजे पेरली गेली होती. ऑटोडेस्क कंपनीने १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ हे सॉफ्टवेअर वैयक्तिक संगणकांसाठी काढले. आरंभी ते साध्या द्विमितीय आरेखनापुरते होते. पुढे युनिक्स वर्कस्टेशनांसाठीही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. परंतु १९९४ ची तेरावी आवृत्ती ही त्यांतील शेवटची ठरली. १९९३ मध्ये विंडोज एनटी ही परिचालन प्रणाली व १९९५ मध्ये इंटेलचा पेंटियम प्रो प्रक्रियक बाजारात आला. त्याच वर्षी केवळ विंडोजसाठी लिहिलेले ‘सॉलिडवर्क्स’ हे घन प्रतिमानाचे सॉफ्टवेअर विक्रीस आले. वर्कस्टेशनावर होणारे पुष्कळसे काम आता त्याच्या किंमतीच्या अल्पांशात होऊ लागले. खेळांसाठी मोठ्या प्रमाणावर बनविलेल्या चित्रालेखन पत्त्यांनी सिलिकॉन ग्राफिक्सच्या खास चकत्यांचे महत्त्वही कमी केले. या कंपनीने मिप्स यंत्रांचे उत्पादन डिसेंबर २००६ मध्ये थांबविले. इतर कंपन्यांची स्वतःच्या प्रक्रियकांवरील वर्कस्टेशनेही त्या दशकाच्या अखेरपर्यंत बंद पडत गेली. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकल या कंपनीत विलीन झाली.

दोन आवृत्त्यांतील दरी : कॅड सॉफ्टवेअरच्या एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाणे किती महागात पडू शकते हे एअरबस ए ३८० या विमानाच्या बाबतीत दिसून आले. कॅटियाची चौथी आवृत्ती युनिक्स वर्कस्टेशनांसाठी होती. १९९८-९९ मध्ये आलेली पाचवी आवृत्ती नव्याने लिहिलेली असून ती विंडोजवरही चाले. दोन्हींची नावे एकच असली, तरी आतील रचना भिन्न होती व चौथ्या आवृत्तीतील प्रतिमान पाचवीत नेताना त्यातील सर्व माहिती टिकत नसे. एअरबसच्या जर्मनी व स्पेनमधील केंद्रांत चौथी, तर फ्रान्स व ब्रिटनमधील केंद्रांत पाचवी आवृत्ती वापरली जात होती. या विमानात सु. ५३० किमी. लांबीच्या तारा आहेत. हँबर्ग येथे तयार झालेली तारांची जुडगी तूलूझ येथील जुळणीच्या वेळी नियोजित मार्गांत बसेनात. वारंवार होणारे फेरबदल दोन्ही आवृत्त्यांत बिनचूकपणे एकत्र आणता आले नाहीत, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. २७ एप्रिल २००५ रोजी पहिले उड्डाण केलेले हे विमान पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती १५ ऑक्टोबर २००७ रोजी पडले. जून २००६ मध्ये विलंबाची घोषणा होताच मूळ कंपनीच्या भागांची किंमत एका दिवसात सु. २६ टक्क्यांनी घसरली. या विलंबामुळे २०१० पर्यंतच्या नफ्यात ४८० कोटी युरोंची घट येईल, असा अंदाज कंपनीने वर्तविला होता. येथे दोन्ही आवृत्त्यांचे निर्माते, त्यांची यंत्रे व ती जाणणारे अभियंते उपलब्ध होते. जेथे यांपैकी काहीच उरलेले नाही, तेथे अडचण किती बिकट असेल, याची यावरून कल्पना येते.

जुनी यंत्रे चालविण्यातील अडचणी : विमान, वीजनिर्मिती केंद्र, रेल्वे एंजिन वा युद्धनौका यांचे आयुष्य ३० ते ५० वर्षे असते. त्यांचा एखादा भाग झिजला वा त्यात दोष आढळला म्हणजे मूळ अभिकल्प पुन्हा उघडावा लागतो. त्यासाठी काही कारखाने व संस्था जुनी वर्कस्टेशने जपून ठेवतात. या कामी येणाऱ्या अडचणी तीन प्रकारच्या आहेत.

पहिला प्रकार यंत्रसामग्रीचा होय. वीजपुरवठा संचातील विद्युत् विच्छेद्य धारित्रे कालांतराने गळू लागतात. चुंबकीय तबकड्यांचे धारवे अडकतात. फीत-वाचक यंत्रातील रबरी रुळ चिकट होऊन फीत खराब करतात. या वर्कस्टेशनांना चालणारे पडदे ठराविक वारंवारतेचे असत. त्यांचा जोड निराळ्या घडणीचा असे व काहींत तुल्यकालनाचा संकेत हिरव्या रंगाच्या संकेतातच मिसळलेला असे. त्यामुळे आजचा साधा पडदा त्यांना थेट जोडता येत नाही. सन व सिलिकॉन ग्राफिक्स यांच्या यंत्रांवर परिचालन प्रणाली नव्याने बसवावयाची झाल्यास ५१२ बाइटांचे गट वाचू शकणारा खास सीडी-वाचक लागतो, कारण सामान्य वाचक २,०४८ बाइटांचे गट वाचतात. फिरत्या तबकडीच्या जागी स्मृतिपत्ता बसवून तबकडीचा आभास निर्माण करणारी छोटी मंडले आता मिळू लागल्याने ही अडचण काहीशी कमी झाली आहे.

दुसरा प्रकार परवान्याचा होय. कॅड सॉफ्टवेअरची किंमत यंत्राइतकी वा त्याहून अधिक असे. त्याची नक्कल होऊ नये म्हणून परवान्याची सांकेतिक चावी एका विशिष्ट यंत्राच्या ओळखसंख्येला बांधलेली असे. सनच्या स्पार्कस्टेशन यंत्रांत ही संख्या घड्याळाच्या चकतीतील स्मृतीत साठविलेली असून ती स्मृती चकतीतच बंदिस्त केलेल्या छोट्या विद्युत् घटावर टिकून राही. घटाचे आयुष्य सु. दहा वर्षे असे. घट संपला की यंत्र आपली ओळखच विसरते आणि अन्यथा सुस्थितीत असलेले सॉफ्टवेअर चालण्याचे नाकारते. जुनी ओळखसंख्या लिहून ठेवली असेल, तर ती नव्या चकतीत भरता येते. यंत्रच निकामी झाल्यास नवी चावी विक्रेत्याकडूनच मिळवावी लागते. विक्रेता कंपनी बंद पडली असेल किंवा विलीन झाली असेल, तर योग्य किंमत देऊन घेतलेले सॉफ्टवेअरही निरुपयोगी ठरू शकते.

तिसरा प्रकार कालगणनेचा होय. अपोलोच्या डोमेन परिचालन प्रणालीत वेळ मोजण्याच्या पद्धतीमुळे २ नोव्हेंबर १९९७ ही एक सीमा ठरली होती. त्या दिवसानंतर ही यंत्रे चालू ठेवण्यासाठी परिचालन प्रणालीत दुरुस्ती करावी लागली. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हयुक्त संख्येत मोजणाऱ्या युनिक्स प्रणालींची अशीच सीमा १९ जानेवारी २०३८ ही आहे. घड्याळ मुद्दाम मागे ठेवून यंत्र चालविता येते. परंतु मग फाइलींवरील दिनांक खोटे पडतात आणि कोणती आवृत्ती शेवटची हे ठरविणे अवघड होते. अभिकल्पाच्या बाबतीत हा धोका सामान्य नाही.

उपाय व त्यांच्या मर्यादा : या प्रश्नावर चार प्रकारचे उपाय योजले जातात. (१) मूळ यंत्रेच जतन करणे : यात मूळ आकार बिनचूक मिळण्याची खात्री असते, पण सुटे भाग इतर मृत यंत्रांतूनच मिळवावे लागतात व ही यंत्रे हाताळू शकणारी माणसे निवृत्त होत जातात. (२) अनुकार : जुन्या प्रक्रियकाचे वर्तन आधुनिक संगणकावर हुबेहूब घडविणाऱ्या आज्ञावलींना एम्युलेटर म्हणतात. व्हॅक्स, अल्फा व स्पार्क यांसाठी त्या व्यापारी तत्त्वावरही उपलब्ध आहेत. मात्र त्रिमितीय चित्रालेखनाच्या खास चकत्यांचे अनुकरण करणे प्रक्रियकाच्या मानाने कठीण असते आणि परवान्याचा प्रश्न येथेही सुटत नाही. (३) फाइलींचे नव्या सॉफ्टवेअरमध्ये रूपांतर करणे : यासाठी आयजीईएसच्या मागोमाग ‘स्टेप’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण (आयएसओ १०३०३) १९९४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यात वस्तूची सीमापृष्ठे चांगल्या प्रकारे नेता येतात. परंतु व्यवहारात रचनाक्रम व मापांचे परस्परसंबंध बहुधा मागेच राहतात. आकार मिळतो, पण तो तसा का ठेवला होता हे कळत नाही आणि एक माप बदलून बाकीचा आकार आपोआप जुळवून घेण्याची सोय जाते. शिवाय दोन प्रणालींत अनुज्ञेय त्रुटी वेगवेगळ्या असल्यास एकीत सलग असलेल्या पृष्ठांत दुसरीत सूक्ष्म फटी पडतात. म्हणून प्रत्येक रूपांतरित प्रतिमान मूळ प्रतिमानाशी ताडून पाहावे लागते आणि ते ताडण्यासाठी जुने यंत्र निदान एकदा तरी चालू व्हावे लागते. (४) कागदावर वा स्थिर चित्रस्वरूपात आरेखने काढून ठेवणे : हा उपाय सर्वांत जुना व टिकाऊ असला, तरी विमानाच्या पंखासारख्या दुहेरी वळणाच्या पृष्ठाचे पूर्ण वर्णन सपाट आरेखनात मावत नाही.

विमान उद्योगाने या प्रश्नाचा पद्धतशीर विचार २००२ पासून सुरू केला. अमेरिका व यूरोप येथील कंपन्यांच्या ‘लोटार’ या प्रकल्पात अभिकल्पाचे दीर्घकालीन जतन कसे करावे यासंबंधी प्रमाणे तयार करण्यात आली आहेत. प्रतिमानाबरोबरच त्याचे घनफळ, पृष्ठफळ, गुरुत्वमध्य इ. राशी नोंदवून ठेवाव्यात, म्हणजे पुढे केव्हाही फाइल उघडल्यावर त्या पुन्हा काढून आकार तोच आहे की नाही हे पडताळता येते, हे त्यांतील एक महत्त्वाचे तत्त्व आहे. त्यामुळे मूळ यंत्र नसतानाही रूपांतराची काही प्रमाणात परीक्षा करता येते. अर्थात या राशी मूळ यंत्र चालू असतानाच नोंदविलेल्या असणे आवश्यक आहे.

भारत : हलक्या लढाऊ विमानाच्या निर्मितीसाठी १९८४ मध्ये बंगळुरू येथे स्थापन झालेल्या वैमानिकी विकास अभिकरणाने अभिकल्पासाठी त्रिमितीय कॅड पद्धतीचा अवलंब केला. पुढे ‘तेजस’ असे नामकरण झालेल्या या विमानाचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले. त्याच्या बांधणीत कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्यांचा मोठा वापर आहे. या द्रव्यांचे थर कसे रचावेत हे ठरविण्यासाठी अभिकरणाने ‘ऑटोले’ हे सॉफ्टवेअर स्वतः विकसित केले व ते परवान्याने एअरबस कंपनीलाही देण्यात आले. तेजस विमाने आता हवाई दलाच्या सेवेत असून लढाऊ विमाने अनेक दशके वापरात राहतात. वर्कस्टेशनांच्या काळात सुरू झालेल्या अशा अभिकल्पांच्या जतनाचा प्रश्न म्हणून भारतातही तितकाच निकडीचा आहे.

महत्त्व : जुन्या वर्कस्टेशनांच्या जतनाकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयासारख्या संस्था ती तंत्रविद्येच्या इतिहासाची साधने म्हणून ठेवतात. उद्योगांच्या दृष्टीने मात्र ती अद्याप कामाची अवजारे आहेत, कारण त्यांच्याशिवाय काही अभिकल्प वाचताच येत नाहीत. कारखान्यातील लेथ जुना झाला, तर त्याच मापाचा भाग नव्या लेथवर कातता येतो. अभिकल्पाच्या फाइलीला ही मुभा आपोआप मिळत नाही. ती मिळावी यासाठी फाइलीचे स्वरूप, परवान्याच्या अटी आणि पडताळणीच्या राशी यांचा निर्णय अभिकल्प मंजूर होतानाच व्हावा लागतो. १९८०–२००५ या काळात तो बहुधा झाला नाही. त्या काळातील उत्पादने सेवेतून निवृत्त होईपर्यंत त्यांच्याबरोबरची काही वर्कस्टेशने चालती ठेवणे किंवा ती चालत आहेत तोवर त्यांतील प्रतिमाने पडताळून बाहेर काढणे, हे दोनच मार्ग त्यामुळे उरले आहेत. यांपैकी दुसऱ्या मार्गासाठी उपलब्ध असलेला अवधी यंत्रांच्या उरलेल्या आयुष्याइतकाच आहे.